भिंतीतली बदकं

पहिला स्क्रू निघाला आणि सॉकेटची प्लेट आपणहून पुढे आली, आतून कुणी ढकलावी तशी. मेन स्विच बंद करूनच मिस्त्रींनी हात घातला होता, तरी ते दचकले. प्लेटमागून काहीतरी पिवळट, गिळगिळीत ओघळलं आणि त्यांच्या मनगटावरून कोपराकडे निघालं.

"अगं बाई गं!" दारात उभ्या घरमालकीणबाईंनी नाक दाबलं. "म्हणून वास येत होता! मी मेलीने दोनदा नळ बदलून घेतला."

बेसिनशेजारचं सॉकेट हलतंय, एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं. किरकोळ काम, म्हणून मिस्त्री जावयाला घेऊन आले होते. या बाथरूमच्या टाइल्स जावयानेच एकट्याने बसवल्या होत्या. पुढच्या महिन्यापासून सगळीच कामं तो बघणार होता. मिस्त्रींचे गुडघे आता एकदा टेकले की उठायचं नाव घेत नसत, आणि लेकीला त्यांनी तसा शब्दही दिला होता.

पकडीने त्यांनी आतला लगदा ओढायला घेतला. तो संपता संपेना. कुजका कापूस, बुळबुळीत दाणे, दाण्यांत झुरळाची अंडी आणि सगळ्यात शेवटी प्लास्टिकची एक पट्टी. तिच्यावर छोटी छोटी निळी बदकं. ही बदकं मिस्त्रींच्या चांगलीच ओळखीची होती. नातीसाठी याच बदकांची पाकिटं ते स्वतः दुकानातून आणत.

"डायपर?" बाईंचा आवाज चिरकला.

"नवाच होता हो!" जावई घाईघाईने म्हणाला.

बाईंना उमासा आला. तोंडावर हात धरून त्या स्वयंपाकघराकडे पळाल्या.

मिस्त्रींनी बॅटरी मारून आत पाहिलं. सॉकेटच्या डबीपुरतं चौकोनी भोक हवं होतं. इथे कुणीतरी घास तोडल्यासारखी टाइल कुरतडली होती. टाइल कापायचा ग्राइंडर सरळ समोरून घुसवलेला, कोपऱ्यांच्या पुढे धावलेला. तिथून निघालेल्या चिरा प्लेटच्या खालून बाहेर डोकावत होत्या. बेसिनवरून उडालेलं पाणी त्या चिरांतून आत गेलं आणि डायपर बिचारा आपलं काम चोख करत राहिला. पाणी पीत पीत फुगला आणि प्लेट ढकलू लागला. तेही विजेच्या तारांना मिठी मारून.

"मामा," जावई हळूच म्हणाला, "भोक जरा मोठं झालं. मागे काही भरल्याशिवाय पांढरं सिमेंट टिकेना. तेवढंच हाताशी होतं. आणि प्लेट बसल्यावर आत कोण बघतंय?"

"मी बघतोय ना, जावईबापू. वासही घेतोय."

संतापलेल्या मिस्त्रींनी स्वतःला आवरलं. साधी सिरॅमिकची टाइल बिस्किटासारखी, पोर्सेलीन मात्र हट्टी. नवख्या हाताला दाद देत नाही. हात बसेल. चार महिने आणखी शिकवू, गुडघे काय, दुखतच असतात.

"अजून किती घरांत असं केलंय?"

जावयाने बोटं मोजायला सुरुवात केली. एक हात संपला. दुसऱ्या हाताशी येऊन तो थांबला.

"आणि आपल्या घरी?" मिस्त्रींनी पकड खाली ठेवली. घरच्या ओट्यामागच्या टाइल्सही जावयानेच कापल्या होत्या. लेक तिथल्याच सॉकेटला बाळाचं दूध गरम करायचं यंत्र लावायची.

"छे छे, मामा! घरी असलं करीन का मी?" जावयाची मान ताठ झाली. "घरी आधी चारही कोपऱ्यांना गोल भोकं पाडली, पाणी सोडत सोडत सावकाश कापलं. एक चीर दाखवा! पोर रांगतेय ना घरात."

कौतुकाची वाट बघत तो हसला. मिस्त्रींनी बॅटरी विझवली आणि त्याच्याकडे वळून पाहिलं.

"म्हणजे येतं तुम्हाला."

"येतं की!"

"मग मी काय शिकवणार, कपाळ?"

ते भिंत धरून उठले. हात साबणाने धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. वास जाईना.

"मामा, हिला मात्र सांगू नका हं."

"मी कशाला सांगू? तुम्हीच सांगा. पाकिटं इतकी पटपट संपतात कशी, म्हणून माझ्याच नावाने खडे फोडते ती. कामाचा फोन द्या इकडे."

फोन आठवडाभर जावयाकडे होता, मिरवत होता तो. जावयाने बोटांवर मोजलेल्या घरांपैकी पहिल्याचा नंबर मिस्त्रींनी लावला.

"ताई, टाइल्सवाला मिस्त्री बोलतोय. तुमच्या सॉकेटमागे आम्ही घाण भरून ठेवलीय. ते वापरू नका. काढायला येतो, टाइलही बदलून देतो." फोन ठेवून त्यांनी तो जावयापुढे धरला. "पुढचा तुम्ही लावा. 'जरा प्रॉब्लेम आहे' असलं गुळमुळीत नको. घाण म्हणायचं."

"आणि पुढच्या महिन्यापासून कामं…?"

"सगळी भोकं साफ झाली की विचारा. तोवर तुम्ही कापायचं, मी समोर बसणार."

जावयाने नंबर लावला. पलीकडून कुणीतरी उचलला.

"हॅलो… मी मिस्त्रींचा जावई…"

"जावई कशाला मध्ये?" मिस्त्री खेकसले. "ज्याने टाइल कापली तो, म्हणा."