सचिवानं लिहिलं, हरकत नाही

बुधवारी थॉर्नबेकची दुकानं दुपारी एकलाच बंद होत. विल्फ्रेड ऑग्डन आपल्या कागद-पाट्यांच्या दुकानाला कुलूप लावणार, इतक्यात शेजारच्या लोकरवाल्या ईडनाबाई पिकप आत आल्या.

"विल्फ, एक पाटी रंगवून दे. 'दुकान कायमचे बंद होत आहे.' अक्षरं मोठी काढ, तुझ्या चष्म्यालाही दिसतील अशी."

"एकतीस वर्षांनंतर?"

"मग काय करू? गिरणी गेली, गिऱ्हाईक गेलं. मालकानं भाडंसुद्धा अर्ध्यावर आणलं बिचाऱ्यानं. पण दुकानाचा कर अजून गिरणी चालू होती तेव्हाच्या भाड्यावर! आताच्या भाड्यावर कराची नवी आकारणी व्हायची, ती दोन वर्षं पुढे ढकलली. व्यापाऱ्यांनीच होकार दिला म्हणे. कोण गाढव होतं कोण जाणे!"

विल्फ्रेडला ठाऊक होतं; व्यापारी संघाचा सचिव तोच होता. सरकारनं व्यापारी संघाचं मत मागवलं, तेव्हा सभेला चारच डोकी होती. अध्यक्ष गॉर्डन शार्पल्स, स्टेशनजवळच्या नव्या रस्त्यावरचे बडे खाटीक, चहा ढवळत म्हणाले होते, "हरकत नाही म्हणून लिहून टाक रे. कशाला उगाच उकरायचं?" नव्या रस्त्यावर भाडी चढत होती, आकारणी लांबली की शार्पल्सांचा कर वाचणार होता आणि त्याचा भार ईडनाबाईंचा नि त्याचा जुना रस्ता वाहणार होता. विल्फ्रेडला हे सारं कळत होतं. पण चारचौघांत बोलायला तो भीत असे. त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'सर्व सभासदांच्या वतीने, आकारणी पुढे ढकलण्यास हरकत नाही.' खाली सही ठोकली.

पाटी वाळली. ईडनाबाईंनी पर्स उघडली.

"राहू द्या," तो खाली बघत म्हणाला.

"गुणी आहेस रे बाबा!"

ते शब्द त्याला चटक्यासारखे लागले.

दोन वाजता प्रार्थनामंदिरामागच्या खोलीत संघाची सभा भरली. मागच्या बाकावर ईडनाबाई पाटी शेजारी ठेवून विणत बसल्या होत्या. सरकारनं पुन्हा विचारलं होतं : आकारणी दर तीन वर्षांनी करावी का?

"तीन वर्षांनी?" शार्पल्स हसले. "म्हणजे जन्मभर अर्जच भरत बसा! विल्फ, लिही, 'आहे तेच बरे.' आणि कर सही."

विल्फ्रेडनं लेखणी टेबलावर ठेवली. तो उभा राहिला.

"मी सही करणार नाही."

"काय झालं? शाई संपली?" कुणीतरी हसलं.

"मागच्या वेळी ते मीच लिहिलं होतं." आवाज फाटत होता, तरी तो थांबला नाही. "जुन्या रस्त्यावर कुणालाच विचारलं नाही. चूक आहे हे कळत होतं. भिऊन लिहिलं. तुमच्या नावानं."

विणायच्या सुया थांबल्या. ईडनाबाई पाटी काखेत घेऊन उठल्या, सावकाश टेबलापाशी आल्या. विल्फ्रेडला त्यांच्याकडे बघवेना.

त्यांनी पर्समधून नाणी काढून त्याच्यापुढे मांडली.

"पाटीचे," त्या म्हणाल्या. "घे. पाटी फुकट देऊन सुटायचं नाही."

त्यानं पैसे घेतले.

"आता जुन्या रस्त्याचं म्हणणं लिही," त्या म्हणाल्या, "आणि आधी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखव."

विल्फ्रेडनं कोरा कागद पुढे ओढला. शार्पल्स टोपी घेऊन निघून गेले. बाकीचे बसून राहिले. ईडनाबाईंच्या काखेत ती पाटी तशीच होती.