बिनडोक्याचे सात दिवे

डोक्यावर चाळणी घालून घ्यायला माणसं रांग लावतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तेही आमच्याच शिवणकामाच्या कारखान्यात. चाळणीला सात दिवे, दिव्यांच्या तारा टेबलाखाली गेलेल्या आणि टेबलामागे पायघोळ झगा घातलेले जोडणीमहाराज. मेंदूतल्या पेशींच्या सुटलेल्या गाठी महाराज म्हणे नुसत्या नजरेने बांधत. एक गाठ बांधली की एक दिवा, सात लागले की माणूस शहाणा. इस्त्रीवाल्याचे सातही लागले, तेव्हा सगळ्यांनी हात जोडले. मला मात्र हसू आवरेना, कारण त्याच सकाळी त्या शहाण्याने स्वतःचीच विजार जाळली होती.

मी काज-बटणवाला. हसून सोडून दिलं असतं, पण रांगेत माझी ताई होती. ताई म्हणजे कारखान्यातला सर्वांत पक्का हात. वर्षभरात मात्र तिला शब्द सापडेनासे झाले, दिवसभर पेंग यायला लागली आणि एका शर्टाला तिने चक्क तीन बाह्या लावल्या. मालकांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली, नाहीतर घरी बस म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून थायरॉइडची गोळी सुरू केली होती, ती महाराजांनी बंद करायला लावली. गोळीने गाठी विरघळतात म्हणे! मी घरी भांडभांड भांडलो. ताई एवढंच म्हणाली, "मला माझं डोकं परत हवंय रे."

तिची पाळी आली. पेशी पेशीला हाक मारतेय, ही आली, ती लाजतेय, असं महाराजांचं सुरू झालं. पाच दिवे लागले. ताईची नजर मात्र खाली, झग्याच्या काठावर होती.

"महाराज," ती सावकाश म्हणाली, "तुमची टाच उचलली जातेय. तुम्ही पायाने मशीन चालवताय."

वीस वर्षं तिने दुसरं केलंय काय? तिने वाकून झगा बाजूला केला. खाली आमच्याच मोडक्या मशीनचं पेडल! दाबाल तेवढे दिवे. मग तिने चाळणी उचलली, कपडे अडकवायच्या बिनडोक्याच्या पुतळ्याच्या मानेवर ठेवली आणि पेडल दाबलं. सातही लागले. महाराज म्हणाले, पुतळा पूर्वजन्मीचा विद्वान असावा. मग मात्र अख्खा कारखाना हसला आणि त्या हसण्यातच महाराज तारा गुंडाळून पसार झाले. मालकांनी मुदतीचा विषय पुन्हा काढला नाही. त्यांचेही सात लागले होते ना.

डॉक्टरीणबाईंनी नंतर नीट समजावलं. पेशींमधल्या जोडण्या खऱ्याच असतात आणि जन्मभर बदलत राहतात. गळ्यातल्या ग्रंथीचा रस कमी पडला की त्यांचं काम मंदावतं. गोळी ती उणीव भरून काढते, पण त्याला आठवडे लागतात आणि दिवा एकही लागत नाही.

ताईने गोळी पुन्हा सुरू केली. तिसऱ्या महिन्यात तिने तो तीन बाह्यांचा शर्ट बाहेर काढला आणि माझ्यासमोर तिसरी बाही उसवली, एकही धागा न ओढता. मी रडलो, सांगायला लाज कसली?

तुमच्या घरात कुणाचं डोकं असं मंदावलं, तर डॉक्टरकडे न्या. चालू गोळी परस्पर बंद करू नका. आणि कुणी दिवे लावून दाखवलेच, तर आधी त्याचा पाय कुठे आहे ते बघा.