भोंग्याला लुगडं

इतवारीतले मारोतराव हातमागाची लुगडी विकत, पण विहिणीला मानाचं लुगडं द्यायचं तेवढं त्यांच्या जिवावर आलं. थोरल्याच्या लग्नात ते पंगतीला बसले आणि सुनेची आई रंभाबाई रिवाजाप्रमाणे त्यांच्या नावाने थट्टेचं गाणं म्हणू लागल्या. व्याह्याने लुगडं पुढे केलं की विहिणीने थांबायचं, अशी रीत. मारोतराव मान खाली घालून बुंदी खात राहिले. मग रंभाबाई तरी का थांबतात? गाण्यात मारोतरावांनी बुंदीची परात गिळली, मांडवाचे बांबू चघळले, शेवटी वाजंत्र्याचं डफडंही पचवलं. कुणीतरी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. कॅसेटची अख्खी बाजू भरली.

ऐंशीनंतरचे ते दिवस, घरोघर टेप आलेले. वर्ष सरायच्या आत रामटेकपासून वाडीपर्यंत प्रत्येक मांडवात भोंग्यावर मारोतराव परात गिळू लागले.

एरवी त्यांनी सोसलंही असतं. पण धाकट्या देवकीला पाहायला काटोलची मंडळी येणार होती. असल्या बापाची पोर कोण करणार? ते तडक ती कॅसेट काढून विकणाऱ्या ताराचंदच्या दुकानात गेले. ताराचंद त्यांच्याहून दुःखी. त्याने कव्हरवर 'नक्कल करणे गुन्हा आहे' असं ठळक छापलं होतं, तरी लोक नकला करतच होते. तू स्वतः गाणं कोणाला विचारून घेतलंस, असं मारोतरावांनी म्हटल्यावर त्याला राग आला. कायदा आता कडक झाला आहे, म्हणाला, पण तक्रार मालकाने करावी लागते.

"आन् नाव माह्यं आहे त्याचं काय?"

"नाव तुमचं, गानं विहीणबाईचं, कॅसेट माही," ताराचंद म्हणाला. "तिघं मिळून जाऊ ठाण्यात."

मारोतराव रंभाबाईंकडे गेले. या वेळी काखेत रुंद काठाचं लुगडं होतं. रंभाबाईंनी काठ चिमटीत धरून पाहिला. तक्रारीला मात्र त्या तयार होईनात. गाणं त्यांच्या आईचं, तिच्याही आईचं; मालकीण गाठायची तर समन्स स्वर्गात पाठवावं लागलं असतं. लुगडं त्यांनी ठेवून घेतलं.

"माह्याकडून गानं बंद, व्याहीबुवा. आता त्या भोंग्याले कोन लुगडं देईन?"

बाईंनी थट्टा केली, मारोतरावांनी ती मनावर घेतली. गाणं वाजत होतं त्या पहिल्याच मांडवात शिरून त्यांनी भोंग्याला लुगडं गुंडाळलं. भोंगेवाला रीत जाणणारा होता. त्याने मुकाट्याने कॅसेट काढली आणि लुगडं घरी बायकोला नेलं. मग काय विचारता, मारोतराव रस्त्यात दिसले की भोंगेवाले तीच कॅसेट चढवू लागले. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी नक्कल करून घेतली. दुकानातली लुगडी उतरत चालली आणि गाणं वाढत चाललं.

काटोलची मंडळी आली त्या दिवशी नेमकं शेजारच्या गल्लीत लग्न. देवकी पोहे घेऊन आली आणि भोंग्यावर परात सुरू झाली. मारोतराव अर्धवट उठले. लुगडं घेऊन धावावं तर पाहुणे समोर बसलेले.

मुलाच्या आईने विचारलं, भोंग्याला लुगडं देणारे हेच का ते? मारोतरावांनी मान डोलावली.

"जो मानूस भोंग्याचा मान राखते," ती नवऱ्याला म्हणाली, "तो आपला नाही राखन का?"

तिचे यजमान गोपाळराव भोंग्याकडे कान लावून होते. ते हळूच म्हणाले, "पोरगी पसंत आहे. फक्त पंगतीत टेप ठेवू नका गा."

मारोतरावांनी शब्द दिला. तरी लग्नात गोपाळराव पंगतीला बसले ते मांडीवर लुगडं घेऊनच. देवकीच्या आईने नुसता घसा खाकरला, तर त्यांनी ते पुढे केलं.

त्या लग्नात गाणं झालंच नाही. इतवारीतल्या बायका अजून हळहळतात.