गालाला बोट लावायचं नाही

“धुतलेलं आहे,” आमचे हे, मेकुरिया, म्हणाले. “आणि राखेनं नाही, लिंबानं.”

मागणी घालायला आलेले तिघे ज्येष्ठ कॉफीचे कप हातात धरून जागच्या जागी थिजले. मुलाचे थोरले काका गाशे वोर्कू यांनी नुकताच रुमालातून चांदीचा एक जुना बिर काढून मोठ्या कौतुकाने सगळ्यांपुढे धरला होता. मारिया तेरेसा राणीचा चेहरा असलेला तसा बिर आमच्याकडे जुन्या घरांतून एखादा तरी असतोच. तो आमच्या ह्यांनी मागितला, खिशातून भिंग काढले आणि दाराच्या उजेडात तिरका धरला. पुढे काय होणार हे मला तिथेच कळायला हवे होते.

“लिंबानं म्हणजे?” गाशे वोर्कूंनी विचारले. “हा माझ्या पणजोबांचा आहे. साल वाचा. सतराशे ऐंशी!”

“साल सगळ्यांवरच सतराशे ऐंशी असतं, गाशे. राणी मेली तरी लोकांना तोच ठसा हवा होता, म्हणून पुढे कितीतरी वर्षं तेच साल घालून पाडत राहिले. तुमचा हा फार तर तुमच्या लग्नाच्या वेळचा.”

“म्हणजे माझे पणजोबा खोटं बोलले?”

“पणजोबा नाही. त्यांच्यानंतर कुणीतरी.”

मी लाह्यांची परात दोघांच्या मधे सरकवली. आतल्या दारामागून रेदिएत, म्हणजे जिच्यासाठी ही सगळी मंडळी आली होती ती आमची लेक, घशातल्या घशात ओरडली, “एमाये, अब्बायेंना आवर!” मी काय आवरणार? बिर परत घेताना गाशेंचे बोट राणीच्या चेहऱ्यावर टेकले, तशी ह्यांनी त्यांच्या हातावर चापट मारली होती. “गालाला बोट लावायचं नाही! कडेनं धरा. घामानं डाग पडतो.”

वरपक्षाच्या माणसाच्या हातावर चापट! दुसऱ्या एखाद्या घरात लग्न तिथेच मोडले असते. मुलगा रेदिएतच्या मागे वेडा होता म्हणून निभावले. गाशे वोर्कूंनी रिवाजाची तिसरी कॉफी न घेताच गाबीची जाड चादर खांद्यावर ओढली आणि जाता जाता मला म्हणाले, “तुमच्या सहनशक्तीला नमस्कार, झेनेबेच.”

मेकुरियांचा जन्म टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात गेला. खांबावर चढलेला माणूस निवृत्त होऊन घरात बसला की त्याचे काय करायचे हे कुणी बायकांना सांगत नाही. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. आधी त्यांनी घरातल्या सगळ्या कड्या-बिजागऱ्या खोलून पुन्हा बसवल्या. त्यानंतर आमचे न्हाणीघराचे दार आजतागायत नीट लागलेले नाही. मग एक दिवस पियासा पेठेच्या उतारावर बेयेने यांच्या दुकानात घड्याळाचा पट्टा घ्यायला म्हणून शिरले आणि संध्याकाळी भिंग घेऊन परत आले.

बेयेने घड्याळांबरोबर जुनी नाणीही घेतात आणि विकतात. माणूस बारीक, बोलणे त्याहून बारीक. पहिल्या महिन्यात मी एकदा त्या दुकानात गेले होते. हे उपासाच्या दिवशी न जेवता निघून गेले होते, त्यांचा उपासाचा डबा पोचवायला. हिरव्या कापडावर नाणी मांडलेली, आमचे हे शाळेतल्या पोरासारखे स्टुलावर, आणि समोर बेयेने.

“काय म्हणता याला?” बेयेनेंनी विचारले.

“जवळजवळ नवं.”

“केस बघा. कानावरचे केस.”

“थोडे चपटलेत.”

“थोडे? तिथं केसच उरलेले नाहीत, अतो मेकुरिया. आधी उंच जागा बघायच्या. केस, गाल, खांदा, खांद्यावरच्या पदकाचे मोती. झीज तिथनं सुरू होते. तुम्ही सगळं नाणं एकदम बघता आणि त्याची दया येते तुम्हाला.”

“एवढं फिरून आलंय बिचारं...”

“तेच म्हणतोय मी. ते बिचारं नाही. नाणं आहे. पुढचं घ्या.”

हे पुन्हा चुकले. नेहमी वरचाच दर्जा सांगायचे. बेयेने सुस्कारा टाकून मला म्हणाले, “यांचा हात चांगला आहे, नजर चांगली आहे, फक्त मन आडवं येतं.” मी म्हटले, “घरी आणा म्हणावं ते मन. घरी कधी दिसत नाही.”

कारण घरी उलटा कारभार होता. घरी सगळ्याला खालचा दर्जा. माझी इंजेराची पोळी उजेडात धरून म्हणत, “मधे उत्तम, कडेला झीज.” कॉफीचे कप ओळीने लावून त्यांतले निम्मे ‘ठोका लागलेले’ म्हणून बाजूला काढले. शेजारच्या त्सिगेने हौसेने आपल्या सासूचा बिर आणून दाखवला, तर तिला त्यांनी तो कामातून गेलेला आहे असे तोंडावर सांगितले. पूर्वी बाजारात लोक पदकाचे मोती तपासून मगच बिर घेत, ह्याच्यातला एकही दिसत नाही, ह्याच्या बदल्यात तेव्हाही कुणी मीठसुद्धा दिले नसते, असेही वर सांगितले. त्सिगे माझ्याशी अजून नीट बोलत नाही. एकदा मी वैतागून विचारले, “आणि माझा दर्जा काय?” तर माणसाने खरेच भिंग काढले! नीट बघून म्हणाले, “उत्तम. पण वापरातलं.” त्या रात्री त्यांनी शिरोचे पिठले स्वतः गरम करून घेतले.

हे सगळे मी हसण्यावारी नेले असते. पण माझ्याकडेही एक बिर होता.

तो माझ्या आईचा. तिच्या लग्नात देस्सीच्या सोनाराने त्याला वर कडी बसवून दिली होती, आणि काळ्या दोऱ्यात ओवून तो ती जन्मभर गळ्यात घालायची. माझे लग्न झाले तेव्हा ती नव्हती, पण तो बिर माझ्या गळ्यात होता. रेदिएतच्या लग्नात, दुसऱ्या दिवशीच्या मेल्सच्या समारंभाला, नवरी काबाचा भरजरी झगा पांघरून बसते तेव्हा तो तिच्या गळ्यात घालायचा, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेले. तोवर तो धुपाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेला. काळवंडलेला होता. मी कधी घासला नाही. आईनेही नव्हता घासला.

लग्न तोंडावर आले. मी बरबेरेचे तिखट उन्हात घालण्यात आणि पाहुण्यांची अंथरुणे जमवण्यात गुंतलेली. एका दुपारी हे घरी आले ते गुणगुणत. पलंगावर बसले आणि म्हणाले, “झेनू, डोळे मीट.”

“हात मसाल्यात आहेत माझे. काय ते बोला.”

त्यांनी रुमाल उघडला. आत एक बिर होता. लख्ख, नव्या ताटासारखा चमकणारा. कडेला वरच्या बाजूला एक फिकट चट्टा.

मला ओळखायला वेळ लागला. आपल्याच आईची वस्तू, आणि मला वेळ लागला.

“बेयेने आणि त्यांची मंडळी शाळेच्या सभागृहात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन लावतायत,” ते भराभर सांगू लागले. “मी म्हटलं, तुझ्या आईचा बिर मांडू. खाली कार्डावर तिचं नाव, देस्सीचं नाव. पण कडीवालं नाणं ते घेत नाहीत. मग मी तो मेर्काटो बाजारातल्या चांदीवाल्याकडे नेला. त्यानं कडी काढली. चट्टा राहिला म्हणून जरा घासलं. मेल्सच्या आधी दुसरी कडी लावून देणार आहे तो. तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.”

“दिलात,” मी म्हटले.

“आवडलं नाही का?”

“कडी कुठंय?”

“कडी?” त्यांनी खिसे चाचपले. “कडी त्यानं... ती मोडीत टाकली असेल गं. जुनी होती, दोऱ्यानं कापत आलेली.”

मी हात धुतले, नेतेलाची ओढणी डोक्यावर घेतली आणि म्हटले, “चला. बेयेनेंकडे.” वाटेत हे तीनदा म्हणाले की बेयेनेंना आवडेल बघ. चढ चढताना त्यांना धाप लागत होती, तरी मी पाय हळू केला नाही.

बेयेनेंनी बिर कडेने धरला. भिंग लावले. उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग तो हिरव्या कापडावर ठेवला आणि बराच वेळ आपला चष्माच पुसत बसले.

“कुणी केलं?” त्यांनी विचारले.

“मी,” मेकुरिया म्हणाले.

“मी तुम्हाला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं?”

“घासायचं नाही.”

“आणि?”

“आणि कडी काढली तरी झाळल्याचा डाग राहतो. पण मला वाटलं, डागच घासला तर...”

“कडी होती तोवर हा दागिना होता. चांगला, जुना, घरंदाज दागिना. लोकांनी हात जोडले असते. आता दागिना नाही. आणि नाणं म्हणून...” बेयेनेंनी मान हलवली. “याला मी दर्जाच देऊ शकत नाही, अतो मेकुरिया. हे मोजणीत बसत नाही.”

तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले. इतके दिवस दाबून ठेवलेले माझे तोंड तिथे सुटले. दुकानात दोन गिऱ्हाइके होती, त्यांच्यासमोर मी ह्यांना काय काय बोलले ते सगळे इथे सांगत नाही. एवढेच सांगते: मी म्हटले, “माझ्या आईला कार्डावर नाव नको होतं. तिला नातीच्या गळ्यात जायचं होतं. तुम्हाला कुणी विचारलं होतं? मला विचारलं होतंत?” हे मान खाली घालून स्टुलावर बसले होते. मोठ्या माणसाला तसे बसलेले बघून राग कमी व्हायला हवा. माझा वाढला.

घरी आल्यावर रेदिएतला सांगावे लागले. ती रडेल असे वाटले होते. तिने बापाकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि म्हणाली, “नवी कडी लावून घेऊ या ना, एमाये.”

“पुन्हा आगीत घालायचं नाही त्याला,” मी म्हटले. “झालं तेवढं पुरे.”

त्यानंतर घरात तिखटाचा वास आणि आमचा अबोला. हे खिडकीत बसून राहायचे, बिर हातात, भिंग डोळ्याला. मला वाटले, आता ह्या कामातून गेलेल्या नाण्यात काय शोधतायत? शेवटी न राहवून मीच विचारले.

“एक गोष्ट जमत नाही,” ते हळूच म्हणाले. “बाजारात फिरलेल्या नाण्याच्या कडा आधी ठेचतात. ह्याच्या कडा शाबूत आहेत. केस आहेत. पदकाचे मोती सगळे दिसतात. फक्त गाल गेलाय. अगदी गुळगुळीत. असं कुठल्याच नाण्याचं होत नाही, झेनू. चांदीवाल्यानं केलं म्हणावं तर त्यानं सगळीकडे सारखं घासलंय. ही झीज जुनी आहे. कशानं झाली असेल?”

मी तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले.

“अंगठ्यानं,” मी म्हटले.

“कुणाच्या?”

“आईच्या. माझा भाऊ पूर्वेच्या लढाईवर गेला तेव्हापासून. कुणी फाटकाशी आलं, रेडिओवर बातम्या लागल्या, की तिचा हात गळ्याशी जायचा आणि अंगठा त्या राणीच्या गालावर फिरायला लागायचा. भाऊ आला नाही. त्याच्यामागे ती वर्षभर होती. मी सांगायची, आई, बोट दुखेल. ती म्हणायची, मी कुठं काय करतेय?”

मेकुरियांनी भिंग डोळ्यावरून काढले. ते बिर धरून होते, कडेनेच, दोन बोटांत.

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत? एवढे महिने काचेतून बघताय सगळ्या जगाचं, आज विचारलंत.”

ते उठून माझ्याजवळ आले, खाली बसले आणि माझ्याबरोबर तांदूळ निवडायला लागले. खडे सोडून चांगले दाणे फेकत होते. मी त्यांचा हात बाजूला केला नाही. राग गेला नव्हता, पण आता त्याच्याशेजारी दुसरेही काही येऊन बसले होते.

मेल्सच्या दिवशी रेदिएत सोनेरी काठाचा काबा पांघरून बसली. गळा मोकळाच. तिच्या सासरच्यांनी साखळी आणली होती ती तिने नको म्हणून बाजूला ठेवली. सकाळी तिने माझ्याकडे हात पसरला होता आणि मी तो बिर तिच्या तळव्यावर ठेवला होता, दोरा नाही, कडी नाही, तसाच.

ढोल वाजत होता, बायका खांदे उडवून नाचत होत्या, गाशे वोर्कू मांसाचा तुकडा तोंडात घोळवत ह्यांच्याकडे रागाने बघत होते. मी इंजेराचे ताट घेऊन नवरीकडे गेले तर मेकुरिया तिच्या पायाशी बसलेले दिसले. ते तिच्या हाताकडे बघत होते.

रेदिएत कुणाशी तरी बोलत होती, हसत होती. मांडीवरच्या मुठीत बिर होता आणि तिचा अंगठा राणीच्या गालावरून सावकाश फिरत होता. तिच्या लक्षातही नव्हते.

मेकुरियांचे तोंड सवयीने उघडले. मग त्यांनी ते मिटले, आणि तिच्या काब्याची जमिनीवर लोळणारी कड उचलून नीट तिच्या पायांवर घातली.