कॅसियनचा चेहरा

लेखणी गालात जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढी शिरली होती आणि तिथला लाल रंग अजून ओला होता... आणखी थोडी आत गेली असती तर बरं झालं असतं, असं ब्रश मागे घेताना तिला वाटलं. पण हे जुनं चित्र मुळात ज्यानं काढलं, त्यानं तेवढीच घुसवली होती, आणि दुसऱ्याच्या कामावर आपला हात चालवायचा नाही हे तिला ज्यांनी शिकवलं, ते मास्तर आज अकरा वाजता काम तपासायला येणार होते.

शिकवणारे तेच, आणि तिनं आठ महिने डोळ्यांत तेल घालून केलेलं चित्र स्वतःच्या सहीनं प्रदर्शनात लावणारेही तेच. ती बोलली तेव्हा वर्गासमोर म्हणाले होते, "पोरीला वाटतंय, ब्रश धरला की चित्र आपलं." सगळे हसले. एकोणीस वर्षं झाली – ते हसणं तिनं ठेवणीतल्या कपड्यासारखं जपलं होतं, अधूनमधून ऊन दाखवत.

मग चर्चमधला हा संत दुरुस्तीसाठी तिच्या हाती आला. कॅसियन – फारसा कुणाला ठाऊक नसलेला, शेकडो वर्षांपूर्वीचा शाळामास्तर. राजाचे देव पुजायला नकार दिला म्हणून त्याला त्याच्याच विद्यार्थ्यांच्या हवाली केलं, आणि मेणाच्या पाट्यांवर लिहायच्या लोखंडी लेखण्यांनी पोरांनी त्याला भोसकून मारलं. लाकडी फळीवरच्या चित्रात पोरं शाबूत होती, संताचा चेहरा तेवढा पार झडलेला. "बिनचेहऱ्याच्या संताकडे लोकांनी मागायचं तरी काय?" फादर म्हणाले, आणि तिला चेहरा भरायची परवानगी मिळाली. केसासारख्या उभ्या रेघांनी भरायचा, असा या कामाचा नियम. जवळून नुसत्या रेघा दिसाव्यात, नवं काम नवं कळावं, आणि दहा पावलांवरून चेहरा. जाड भुवया, डावीकडे कललेलं तोंड, ती हनुवटी... गुरूची विद्या गुरूला. आता ही पोरं तुम्हाला जन्मभर भोसकत राहतील, मास्तर, आणि मी ते पाहीन.

ते आले. काठी आली होती हातात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. फळीला नाक लावून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "रेघ सरळ आहे," म्हणाले. मग मागे सरकू लागले – सात, आठ, नऊ – आणि थांबले. तिचं वाक्य तयार होतं: चित्र आपलं म्हणायला नुसती सही पुरत नाही. एकोणीस वर्षं घासूनपुसून ठेवलेलं, अगदी ओठांवर.

"अगं..." ते म्हणाले, आणि चष्मा काढून डोळे पुसू लागले. "एवढा मान? मी समजत होतो, तू मला कधी माफ करणार नाहीस."

म्हणजे त्यांना आठवत होतं! इतकी वर्षं ती धरून चालली होती की हा माणूस विसरून गेलाय, आणि त्या विसरण्याचाच तर राग... करायला गेली एक आणि झालं भलतंच. लोक आता यांच्यापुढे गुडघे टेकणार, मेणबत्त्या लावणार, आणि त्यांना संतपदाला बसवलं कुणी, तर तिनं. अजूनही वेळ होती. एका वाक्यात ते डोळे कोरडे झाले असते.

"काम चांगलं झालंय," मास्तर म्हणाले. "माझ्याच्यानं झालं नसतं."

वाक्याचे सगळे शब्द जागच्या जागी होते. पण तिचे कान तापले होते, रागानं नव्हे, सुखानं – शाबासकी मिळालेल्या शाळकरी पोरीसारखे. तिला स्वतःची किळस आली. ती घाईनं फळीकडे वळून रंग ढवळू लागली. मास्तरांना ते कान दिसायच्या आत त्यांनी इथून जावं, एवढंच तिला आता हवं होतं.