यशोदाच्या दंडावरचा पट्टा

बर्फाच्या कारखान्यातल्या कामगारांचा रक्तदाब मालवणात बसून फोनवरून सांभाळायचा, हे नर्स किशोरीचं काम. घरोघरची यंत्रं रीडिंग पाठवत. काही बिघडलं की ती फोन करी. फिटर जितेंद्रचं रीडिंग वर्षभर उत्तम होतं. हल्ली मात्र ते चढत चाललं होतं, आणि आज एकशे नव्वदवर गेलं.

तिने व्हिडिओ कॉल लावला. "जितेंद्रभाऊ, स्वस्थ बसा आणि माझ्यासमोर पुन्हा मोजा."

पडद्यावर दंडाचा पट्टा दिसला. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या.

"हा हात कोणाचा?"

"घरवालीचो," जितेंद्र हसला. "माजो चढलेलो दिसलो तर माका कारखान्यातल्या मशीनवरसून काढतत. म्हणान यशोदाचो लावतंय. आता तिचोय चढूक लागलो. उद्यापासून चेडवाचो लावतलंय."

बायकोचा आकडा हा माणूस रोज बघत होता, आणि त्याला काळजी पडली होती ती नव्या हाताची, लेकीच्या.

"वहिनी, कसं वाटतंय?"

"डोक्यां फुटता गो बाय," यशोदा म्हणाली. कपाळाला तिने फडकं आवळलं होतं. "सकाळधरून एकाचे दोन दिसतत."

किशोरीच्या मागे तिचा साहेब कौस्तुभ काजू खात उभा होता. "त्या आपल्या सभासद नाहीत. कॉल संपव. आणि त्याची जुनी रीडिंगं राहू देत. कारखान्याला अहवाल छान गेलाय."

बोटांचं मीठ त्याने तिच्याच टेबलाला पुसलं. किशोरीने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"वहिनी, आत्ताच्या आत्ता सरकारी इस्पितळात जा. चालत नको, रिक्षा बोलवा."

"आणि माजी पेज?" जितेंद्रने विचारलं. "माका ड्युटीर जावचा आसा."

"पेज तुमी वाढून घेवा," किशोरीचं कचेरीतलं मराठी सुटलं. "हिका काय झाला तर माजो फोन तुमका नाय, पोलिसांका जातलो."

शेजारच्या आनंदीबाई हे ऐकून आत आल्या होत्या. "मेल्या, बायलेच्या हातार नोकरी करतस?" म्हणत त्यांनी यशोदाच्या दंडावरचा पट्टा ओढून काढला आणि तिला धरून बाहेर नेलं. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला.

जितेंद्र एकटाच पडद्यात उरला. "मगे आजचा रीडिंग कोणाचा पाठवू?"

त्याचं तोंडही बघायची किशोरीला शिसारी आली होती. पण हा तिचा रुग्ण होता.

"तुमचा," ती म्हणाली. "पट्टो बांधा. मी बघतंय."