पाचव्या माळेचा दिवा

धर्मापुरीत माजी सरपंच बद्रीनाथरावांचा शब्द सहसा कुणी खाली पडू देत नसे. न जुमानणारे दोघंच, त्यांची बायको सुंदरबाई आणि त्यांचा फ्रीज. मागच्या वर्षी कुणाचं न ऐकता त्यांनी स्वयंपाकघरातला ओटा वाढवून घेतला आणि फ्रीज आतच अडकून बसला. पुढे-मागे सरकायचा, पण दारातून काही निघेना. त्यात ऐन नवरात्रात त्यानं गारवा धरायचं सोडलं. म्हणून परळीहून पंचशीला मेकॅनिक स्कूटीवर आली. मागे नायट्रोजनची लहान टाकी दोरीनं करकचून बांधलेली, खांद्याला हत्यारांची पिशवी.

त्याच स्वयंपाकघराच्या दुसऱ्या कोपऱ्यात सुंदरबाईंचे घट बसले होते. पाचवी माळ होती. दिवा अखंड तेवायला हवा, हे दरवर्षीचंच, पण यंदा त्या रात्रीही उठून तेल बघत होत्या. लेक रोहिणी अंबाजोगाईला दवाखान्यात पडून होती. दोनदा पोटातलं गेलेलं, आता तिसऱ्यांदा दिवस राहिलेले. डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचं नाही म्हणून बजावलं होतं. सुंदरबाईंच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेवढा हा दिवा होता.

पंचशीलानं दार-खिडक्या आधी सताड उघडल्या. मग फ्रीज पुढे ओढला आणि खिशातलं गॅस हुंगणारं यंत्र फरशीजवळ धरलं. ते टिकटिकायला लागलं. तिला नीट दिसावं म्हणून बद्रीनाथरावांनी विजेच्या दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"काका, हात मागं घ्या!" ती एवढ्या जोरात ओरडली की माजी सरपंच जागच्या जागी थिजले. "बटनाची ठिणगी बी पुरती. बाहेर मीटरपाशी जाऊन मेनच बंद करा."

"काय झालं गं बाई?" सुंदरबाईंनी विचारलं.

"मावशी, ह्यातला गॅस सैपाकाच्या गॅसवानी पेटतो. अन् तो गळायलाय. अजून थोडाच हाय, घटाच्या दिव्यापोतर गेला न्हाई."

"मंग दसरा झाल्यावर बघू की. घट बसलेत."

"दिवा हाय म्हणूनच थांबता येत न्हाई. हा जड असतो, उडून जात न्हाई, खाली बसतो. दार लावून निजलात अन् साचला, म्हंजे?"

बद्रीनाथराव मेन बंद करून परतले होते. "मागच्या फ्रीजाला त्या मिस्त्रीनं इथंच नळी कापलती. फुस्स केलं अन् झालं. कावून एवढा बाऊ?"

"तो फ्रीज जुना असंल काका. त्यातला गॅस पेटत नव्हता."

"मंग फुंकर मारा दिव्याला. काम झालं की लावू पुन्यांदा. तेल तेच, वात तीच."

सुंदरबाईंनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं की त्यांना अचानक परसातलं काम आठवलं.

"इजवा म्हणले न्हाई मी," पंचशीला हळूच म्हणाली. "बाहेर न्या म्हणले. घट राहू द्या जागेवर. मी सांगंस्तोवर दिवा वसरीवर ठिवा. वारा तुमच्याकडून इकडं यायलाय, गॅस तिकडं यायचा न्हाई. दिवा इजू न देणं तुमच्याकडं, गॅस दूर न्हेणं माझ्याकडं."

अशी वाटणी सुंदरबाईंशी आजवर कुणी केली नव्हती. पोरगी मनात भरलीच. त्यांनी दिवा ओंजळीत उचलला, ओसरीवर आणला, वाऱ्याच्या बाजूला सूप उभं धरलं आणि तिथूनच माजघरापलीकडचं पंचशीलाचं काम बघत बसल्या.

काय काम होतं ते! घाई नाही, आदळआपट नाही. फ्रीजच्या नळीला तिनं भोक पाडणारा चिमटा बसवला, त्याला लांब पाइप जोडला आणि तो मागच्या दारानं, मोरीचं गटार टाळून, परसाच्या टोकाला बांधापर्यंत नेला. गटारात शिरला तर गॅस कुणाच्या घरात निघेल सांगता येत नाही, म्हणाली. बद्रीनाथरावांना पाइपापासून लांब, परसाच्या वाटेवर उभं केलं. राखण करायला मिळताच रावांना सरपंचकी पुन्हा चढली. शेजारचा बजरंग विडी ओढत वाटेला लागला, तर त्याला त्यांनी पार चावडीपर्यंत हाकलला.

गॅस सावकाश उघड्यावर गेला. एवढ्यावर दुसरा कुणी हात झटकून मोकळा झाला असता. पंचशीलानं फ्रीजच्या नळीतून नायट्रोजन सोडला, थांबली, पुन्हा सोडला. कॉम्प्रेसरच्या तेलातही गॅस मुरलेला असतो, तो असा काढावा लागतो. मग ओट्याखाली, फ्रीजमागे, उंबऱ्याशी, घटांच्या चौरंगाखालीसुद्धा गुडघ्यांवर बसून तिनं यंत्र फिरवलं. कुणी बघतंय म्हणून नव्हे, तिची रीतच ती. सुंदरबाईंना वाटलं, रोहिणीच्या उशाशी अशीच कुणी नर्स असावी.

"गॅस समदा गेला मावशी, फ्रीज मागनं सांधते. आणा दिवा."

राखण सोडून बद्रीनाथरावही आले. सुंदरबाई उठल्या, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि पाय अडला. तासाभरापूर्वी ज्याला जिवापाड जपत होत्या, त्याच दिव्याची आता भीती वाटत होती. कुठं चिमूटभर गॅस राहिला असेल तर? त्यांनी दिव्यासकट पाऊल मागं घेतलं.

पंचशीला हसली नाही की समजावत बसली नाही. "तुमी दोघंबी वसरीवर थांबा," ती म्हणाली. "दिवा मी न्हेते. खोली साफ हाय म्हणून मी सांगितलंय, तर आत आगीसंगं पयलं मीच जायला पायजे." मग जरा घुटमळली. "माझ्या हातचा चालंल ना?"

या घरात घटाच्या दिव्याला परका हात कधी लागला नव्हता. आणि पंचशीलाच्या समाजाची माणसं तर सुंदरबाईंच्या सासूच्या काळी पायरीशीच थांबायची. दोघींनाही ते ठाऊक होतं. बद्रीनाथरावांनी काही बोलायला तोंड उघडलं.

सुंदरबाईंनी दिवा पंचशीलाच्या ओंजळीत ठेवला. "जा लेकी. जपून."

त्या ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या. पंचशीला आत गेली, फ्रीजजवळून, ओट्याजवळून, एकेक पाऊल टाकत. सुंदरबाईंनी हात जोडले, डोळे घट्ट मिटले. पाच दिवस ओठांवर फक्त रोहिणीचं नाव होतं. आज देवीपुढं पहिल्यांदाच दुसरं नाव निघालं.

"ठिवला, मावशी," आतून आवाज आला.